पाहुण्या शिकाऱ्याला शिंगे हवीत, शेतकऱ्याला माद्या कमी हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानडुकरांनी किंवा रोह्यांनी (नीलगायींनी) उभे पीक आडवे केल्याची बातमी आली की तिच्या मागोमाग एक सूचना हमखास येते. अमेरिकेत हरणांच्या शिकारीचे परवाने मिळतात, हौशी लोक पैसे मोजून शिकारीला येतात, जनावरे आटोक्यात राहतात आणि सरकारच्या तिजोरीतही भर पडते. मग आपल्याकडे तसे का नको? वाचकांच्या पत्रांत आणि ग्रामसभांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा निघतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात राहणाऱ्या आणि तिथली शिकारव्यवस्था जवळून ठाऊक असलेल्या आम्हा काही मराठी वाचकांना त्यात एक महत्त्वाची गोष्ट सुटलेली दिसते. तिथे हरणे किती मारायची हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ती कोणी मारायची, गावातल्याने की बाहेरून आलेल्याने, कुणाच्या जमिनीवर आणि कुठल्या महिन्यात, यावरून खरी भांडणे होतात. ती विधिमंडळात जातात, कोर्टात जातात, आणि क्वचित रानातच बंदुकीने संपतात.

आयोवा राज्य घ्या. मक्या-सोयाबीनचा हा मुलूख जवळजवळ सगळा खासगी मालकीचा आहे. लोकांना शिकारीसाठी खुली असलेली सरकारी जमीन शंभर एकरांत दोन-तीन एकरांपलीकडे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथली हरणे संपत आली होती. १८९८ मध्ये शिकार बंद करावी लागली, ती पुन्हा रीतसर उघडली १९५३ मध्ये. आज तिथे दर हंगामात साधारण लाखभर हरणे कायदेशीर शिकारीत मारली जातात. ही सारी व्हाइटटेल, म्हणजे शेपटी उभारली की खालची पांढरी बाजू चमकणारी हरणे. तेवढी मारली नाहीत तर शेतकरी आणि रात्री मोटार चालवणारे दोघेही ओरडू लागतात.

रहिवाशाला परवाना दुकानात जाऊन विकत घेता येतो. स्वतःच्या शेतात शिकार करणाऱ्या रहिवासी शेतकऱ्याला तो नाममात्र पैशांत मिळतो. परराज्यातून येणाऱ्यांसाठी मात्र नर वा मादी कोणतेही हरिण मारण्याचे परवाने वर्षाला फक्त ६,००० आहेत. त्यासाठी मे महिन्यात अर्ज भरायचा, मग सोडत. नाव लागले नाही तर पैसे भरून एक प्राधान्य गुण मिळतो आणि पुढच्या वर्षी आपण रांगेत थोडे पुढे सरकतो. राज्याचे विभाग पाडले आहेत, प्रत्येकाचा कोटा वेगळा, आणि त्यातले जास्तीत जास्त ३५ टक्के परवाने धनुष्यबाणाच्या हंगामासाठी. दक्षिणेकडच्या नावाजलेल्या विभागांत धनुष्याचा परवाना हवा असेल तर चार-पाच वर्षे गुण साठवत बसावे लागते, आणि अखेर नाव लागले की खर्च सहाशे डॉलरच्या पुढे जातो. याच राज्याने स्वतःची प्रसिद्धी व्हावी म्हणून ७५ परवाने सोडतीबाहेर राखून ठेवले आहेत. पाच वर्षे रांगेत थांबलेल्या माणसापुढे हा विषय काढू नये.

एवढी गर्दी का, हे समजून घेतले की भांडणाचे मूळ सापडते. व्हाइटटेल नराची शिंगे दर वर्षी गळतात आणि नव्याने येतात. पहिल्या जोडीत फार काही नसते, पाचव्या-सहाव्या वर्षी ती पूर्ण भरात येतात. म्हणजे मोठी शिंगे हवी असतील तर नराला तेवढी वर्षे जगू द्यायला हवे. नोव्हेंबरच्या मध्याला नर माजावर असतात. एरवी दिवसा झाडोऱ्याबाहेर न पडणारा मुरलेला नर त्या दोन-तीन आठवड्यांत भरदुपारी मादीमागे उघड्या शेतातून पळतो. शेजारच्या मिझुरीत नेमका याच सुमारास रायफलीचा हंगाम उघडतो, आणि पुष्कळ नर दीड वर्षाच्या वयातच पडतात. आयोवाने बंदुकीचे मुख्य हंगाम डिसेंबरात, माज ओसरल्यावर ठेवले आहेत, आणि तेही वर्षानुवर्षे बाराबोअरच्या जाड गोळीपुरते. ती शंभर-दीडशे यार्डांपलीकडे भरवशाची नसते. नोव्हेंबरभर तिथे फक्त धनुष्य चालते आणि बाण साधारण तीस यार्डांच्या आत सोडावा लागतो. त्यामुळे नर म्हातारे होतात, आणि त्या म्हाताऱ्या नरांसाठी दोन हजार किलोमीटरवरून माणसे येतात.

स्थानिकांचे म्हणणे असे, की हे नर आम्ही हात आवरल्यामुळे वाढले. हंगाम आम्ही उशिरा ठेवला, रायफल आम्ही सोडली, कोटा आम्ही बांधला. पाहुण्याचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नाही. त्यातल्या काहींनी आयोवात शे-दोनशे एकर जमीन विकत घेतली आहे, तिचा कर ते भरतात, त्यांच्या जमिनीवर हरणे चरतात, आणि तरीही स्वतःच्याच जमिनीवर नर मारायला त्यांना सोडतीत उभे राहावे लागते. जमीनमालक पाहुण्यांना वेगळा कोटा द्यावा, अशी मागणी विधिमंडळात वारंवार येते आणि स्थानिक शिकारी संघटना तिला वारंवार विरोध करतात. आमचे मत स्थानिकांच्या बाजूने झुकते. त्याचे कारण हरणांपेक्षा जमिनीत आहे.

पूर्वी तिथे शिकारीची परवानगी मागायची पद्धत साधी होती. ऑगस्टात शेतकऱ्याच्या दारी जायचे, ओळख द्यायची, कुंपणाच्या दुरुस्तीला किंवा गवताचे गठ्ठे रचायला हातभार लावायचा, हंगाम संपल्यावर थोडे मांस किंवा सॉसेज नेऊन द्यायचे. गावातल्या गरीब घरच्या पोरालाही एवढे जमत असे. मोठ्या नरांची कीर्ती पसरली तसे बाहेरचे शिकारी आणि शिकार-सहली काढणारे व्यावसायिक एकरी भाड्याने शेते धरू लागले. इलिनॉयमधली पाइक काउंटी याचे ठळक उदाहरण. १९९०च्या दशकात मासिकांतून तिचे नाव झाले आणि तिथल्या रानांचे भाडेपट्टे होत गेले. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. मक्याचा भाव पडलेल्या वर्षी भाड्याचे पैसे त्याच्या कामाला येतात. पण ज्याने वीस वर्षे फुकट परवानगीवर त्या रानात माद्या मारल्या, तो एका सहीने बाहेर पडतो. मग पट्ट्याच्या जमिनीवर काय होते? पट्टेदाराला मोठा नर हवा असतो. मादीवर गोळी झाडली की रान हादरते आणि नर बिचकतो, म्हणून तो माद्यांना हात लावत नाही. तीन-चार वर्षांत त्या तुकड्यावर माद्या वाढतात, आजूबाजूच्या शेतांत नुकसान वाढते, आणि सरकार शेजाऱ्यांना जादा मादी-परवाने देते. जनावरे असतात एकीकडे, परवाने दुसरीकडे.

इथे जनावरांच्या वाढीचे गणित नीट लक्षात घ्यायला हवे. एक नर बऱ्याच माद्या फळवतो. दहातले सहा नर मारले तरी पुढच्या वर्षीची पाडसे फारशी कमी होत नाहीत. मक्याच्या मुलखातली पोसलेली मादी दोन वर्षांची झाली की बहुधा जुळी देते, आणि काही माद्या तर पहिल्याच हिवाळ्यात गाभण राहतात. म्हणून संख्या आवरायची तर मादी मारावी लागते, भरपूर मारावी लागते आणि दर वर्षी मारावी लागते. यात मिरवण्यासारखे काही नाही. भिंतीवर लावायला काही उरत नाही, आणि चौथ्या मादीनंतर फ्रीझरमध्ये जागाही उरत नाही. विस्कॉन्सिनने यावर सक्तीचा उपाय करून पाहिला होता: ठरावीक विभागांत आधी मादी मारून नोंदवा, मगच नर मारण्याचा हक्क मिळेल. संख्या आवरण्यासाठी हा उपाय लागू पडत होता. शिकाऱ्यांचा मात्र त्यावर एवढा राग होता, की २०११ मध्ये कायदा करून वन्यजीव खात्याचा तो अधिकारच काढून घेण्यात आला. आयोवाने मऊ मार्ग धरला. परराज्यातल्या शिकाऱ्याला मुख्य परवान्याबरोबर मादीचा परवानाही घ्यावाच लागतो, आणि नको असलेले हरिण ठरलेल्या खाटकाकडे दिले की त्याचे मांस अन्नपेढ्यांकडे जाते. त्याचा खर्च परवान्यांवरच्या छोट्या अधिभारातून निघतो. पण मादीचा परवाना विकत घ्यायला लावता येतो, मारायला लावता येत नाही. बरेच पाहुणे तो खिशात घेऊनच परततात.

आता शिकारीच्या ताणाबद्दल, कारण ‘जास्त माणसे म्हणजे जास्त शिकार’ हे गृहीतच चुकीचे आहे. गळ्यात जीपीएस पट्टे बांधलेल्या हरणांच्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे. माणसांची वर्दळ वाढली तरी हरणे आपला टापू सहसा सोडत नाहीत. ती हालचाल रात्रीवर ढकलतात आणि दिवसा अशा जागी दडतात जिथे कोणी शोधत नाही: नाल्याच्या काठचा गवताचा पट्टा, शेताच्या कोपऱ्यातली दोन गुंठ्यांची झुडपे, वस्तीमागचा पडीक तुकडा. विस्कॉन्सिनच्या नऊ दिवसांच्या बंदूक हंगामात निम्म्याच्या आसपास शिकार पहिल्या शनिवार-रविवारीच होते. त्यानंतर तीच हरणे, तेच रान, पण दिवसा काही दिसत नाही.

स्थानिक आणि पाहुणा यांच्यातला फरक इथे उघडा पडतो. स्थानिकाकडे सारा हंगाम असतो. वारा वायव्येचा असेल तर तो एका मचाणावर जातो, दक्षिणेचा असेल तर दुसऱ्या, आणि वारा चुकीचा असेल तर घरी बसतो. मचाणाकडे जायची वाट तो अशी निवडतो की हरणांच्या बसायच्या जागेवरून त्याचा वास जाऊ नये. सकाळी हरणे शेतात चरत असताना शेत ओलांडत नाही, नाल्यातून वर चढतो. पाहुण्याकडे सातच दिवस असतात. त्याने रजा काढलेली, पैसे भरलेले, पाच वर्षे वाट पाहिलेली. वारा कसाही असो, तो रोज पहाटे त्याच जागी जाऊन बसतो. तिसऱ्या दिवसापर्यंत ती जागा जळते. शिकाऱ्याने चार तास काढलेल्या मचाणाभोवती हरणे पुढचे काही दिवस वळसा घालून जातात. त्याच्या जाण्यायेण्याच्या पावलांचा वासही त्यांना पुरतो. स्थानिकाने महिनाभर न छेडता राखलेला कोपरा असा आठवड्यात निकामी होतो. म्हणून पाहुण्यांची संख्या मोजून भागत नाही, त्यांनी रानात घातलेले दिवस मोजावे लागतात. कोटा ठरवताना हे कोणी करत नाही.

ज्यांच्याकडे जमीन नाही आणि पट्टाही नाही ते पाहुणे सरकारी तुकड्यांवर जमतात. तिथे पहाटे चारला वाहनतळ भरलेला असतो. झाडावर लावलेले मचाण ही सतत कुरबुरीची जागा. बऱ्याच राज्यांत सरकारी जमिनीवर मचाण टांगल्याने जागा राखली जात नाही, तरी ‘माझे मचाण, माझे झाड’ हा दावा सुटत नाही. मचाणे चोरीला जातात, ती झाडाला आवळणारे पट्टे कापलेले सापडतात. कापलेला पट्टा ही खोडी नव्हे. वीस फुटांवर चढून वजन टाकले की माणूस खाली येतो. वाटांवर लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचेही तेच. कॅन्ससने २०२३ मध्ये आपल्या ताब्यातल्या शिकारीच्या सरकारी जमिनींवर असे कॅमेरे लावायला बंदीच केली.

डिसेंबरात आयोवात वेगळाच संघर्ष उभा राहतो. गावातल्या टोळ्या हाका करतात. दहा-बारा जण, अंगावर भडक नारंगी जाकीट. निम्मे नाल्याच्या तोंडाशी आणि कुंपणाच्या कोपऱ्यांवर अडवायला उभे, निम्मे वाऱ्याच्या बाजूने रान उठवत येणारे. टोळीतल्या एकाचा परवाना दुसऱ्याने मारलेल्या हरणाला लावता येतो, ही मुभा तिथल्या बंदूक हंगामात आहे. दिवसाला चार-पाच हाके होतात आणि माद्या मोठ्या संख्येने पडतात. संख्या आवरण्याचे काम खरे तर या टोळ्याच करतात. पण हाक्यातली हरणे कुंपण मानत नाहीत. ज्याने शेजारचे दोनशे एकर मोठ्या नरांसाठी राखले, तिथे कोणाला पाऊल टाकू दिले नाही, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा राखलेला नर शेजारच्या हाक्यात सापडतो. आणि जखमी हरिण त्याच्या हद्दीत शिरले, तर आयोवाच्या कायद्यानुसार शिकाऱ्याला बंदूक बाहेर ठेवून ते आणायला आत जाता येते. कायदा शहाणपणाचा आहे, कारण जखमी जनावर कुजत पडू नये. पण निःशस्त्र माणूस आणि चिडलेला सशस्त्र मालक समोरासमोर येतात तो क्षण कुठल्याच कायद्यात नीट बसत नाही. टोळ्यांनी सकाळीच शेजाऱ्यांना फोन करून कुठल्या नाल्यात किती वाजता हाका आहे ते सांगितले, तर निम्मी भांडणे होत नाहीत.

ही भांडणे कुठवर जातात याची उदाहरणे नोंदीत आहेत. १९७६ मध्ये माँटाना राज्यात एल्कचा (मोठ्या जातीच्या हरणाचा) परवाना रहिवाशाला ९ डॉलरला मिळत होता आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्र परवाना घेणे भाग होते. मिनेसोटाच्या शिकाऱ्यांनी आणि एका व्यावसायिक वाटाड्याने त्याविरुद्ध दाद मागितली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी राज्याची बाजू उचलून धरली: हौसेची शिकार हा परराज्यातल्या नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. पुढे अॅरिझोनाच्या बाहेरच्यांना १० टक्केच परवाने देण्याच्या मर्यादेवरून पुन्हा वाद झाला, तेव्हा २००५ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून रहिवासी-अनिवासी भेद करण्याचा राज्यांचा अधिकार स्पष्ट केला.

वायोमिंगमध्ये मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी २०२१ मध्ये, जिथे सरकारी आणि खासगी जमिनीचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक आहेत अशा एका मोठ्या रँचच्या (गुरे पाळण्याच्या खासगी जमिनीच्या) कोपऱ्यावर शिडी लावली आणि एका सरकारी चौकोनातून कर्णाच्या बाजूच्या दुसऱ्या सरकारी चौकोनात पाऊल टाकले. खासगी जमिनीला पाय लागला नाही, फक्त तिच्या वरची हवा ओलांडली. फौजदारी खटल्यात ते सुटले, दिवाणी दावा २०२५ मध्ये अपील न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. या प्रकरणातली गंमत अशी, की रँचचा मालकही वायोमिंगचा नव्हता, नॉर्थ कॅरोलिनाचा होता. दोन पाहुणे एकमेकांशी भांडत होते आणि स्थानिक शिकारी वाट मोकळी होते का हे पाहत होते.

सगळ्यात वाईट घडले ते उत्तर विस्कॉन्सिनमध्ये, नोव्हेंबर २००४ मध्ये. मिनेसोटाच्या सेंट पॉलहून आलेला एक हमोंग शिकारी खासगी जमिनीवरच्या मचाणावर बसलेला सापडला. जमीनमालक मंडळींशी बाचाबाची झाली, त्यात वांशिक शिवीगाळ झाल्याचे त्याने सांगितले, आणि त्याने केलेल्या गोळीबारात सहा जण मेले, दोघे जखमी झाले. त्याला जन्मठेपा झाल्या. २००७ च्या जानेवारीत त्याच राज्यात एका स्थानिकाने एका हमोंग शिकाऱ्याला रानात ठार केले. त्यालाही शिक्षा झाली. मूळ हमोंग लोक लाओसच्या डोंगरातले, तिथे रानाला कुंपण नसते आणि झाडावर मालकाचे नाव नसते. त्याने खुनाचे समर्थन होत नाही. पण हद्दीच्या पाट्या, नकाशे आणि त्या लोकांच्या भाषेतले प्रशिक्षण ही हंगाम उघडण्याआधीची कामे आहेत.

पैशाचे काय? अमेरिकेत बंदुका, काडतुसे आणि धनुष्ये यांवर केंद्राचा अबकारी कर आहे, लांब बंदुकांवर ११ टक्के. १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो, आणि त्याची अट अशी की राज्याने परवान्यांचे उत्पन्न दुसरीकडे वळवायचे नाही. यामुळे तिजोरीतली भर रानात पोचते. तोटाही त्यातच आहे. बाहेरच्याकडून रहिवाशाच्या दहा-वीस पट पैसे येतात, त्यामुळे खाते त्या पैशाला सोकावते, आणि जनावरे कमी झालेल्या वर्षीही पाहुण्यांचे परवाने कमी करताना हात थरथरतो. ज्याला ‘अमेरिकेसारखे’ हवे आहे त्याने या दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्यात.

आता आपल्याकडे. चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे आणि त्यात बदल व्हावा असे आम्हाला वाटत नाही. प्रश्न रानडुक्कर आणि रोह्याचा आहे. पिकाचे नुकसान होत असेल तर ती अटींवर मारण्याची परवानगी वनखाते देऊ शकते. अडचण येते ती मारणार कोण इथे. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकाम्यात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेवर नीलगायी मारल्या. त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वाद झाला, आणि नेमबाज परत गेले. त्याउलट केरळने २०२२ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार दिले आणि काम परवानाधारक बंदूकवाल्यांकडे सोपवले. तिथे पुरेसे नेमबाज मिळत नाहीत ही तक्रार आहे, पण दिशा बरोबर आहे असे आमचे मत आहे.

बाहेरचा हौशी शिकारी आपल्या रानात आणला तर वरचे सगळे तर होईलच, शिवाय आणखी तीन गोष्टी होतील. पहिली गोष्ट, डुकरांच्या कळपात अनुभवी माद्या पुढे असतात आणि चांगल्या पोसलेल्या मादीला एका वेळी चार-सहा पिले सहज होतात. पैसे भरून आलेला माणूस एकट्या फिरणाऱ्या सुळेवाल्या नराच्या मागे जाईल. त्याने पुढच्या वर्षीचा कळप तसूभर कमी होणार नाही. कळपावर एक-दोन गोळ्या झाडून तो पांगवला तर शेजारच्या गावात नवे नुकसान सुरू होईल, आणि उरलेली डुकरे पुढचे काही आठवडे फक्त मध्यरात्रीनंतर बाहेर पडतील.

दुसरी गोष्ट ओळखीची. बॅटरीच्या झोतात रोह्याची मादी आणि सांबराची मादी यांत नवख्याची गफलत होते. रोह्याचे खांदे उंच, पाठ मागे उतरती, पायांवर खुरांच्या वर पांढरे पट्टे. सांबराची मादी गडद तपकिरी, पाठ सरळसर, कान मोठे आणि गोलसर. नुसत्या चमकणाऱ्या डोळ्यांवर गोळी झाडणाऱ्याच्या हातून सांबर मरते, कोकणात भेकर मरते, आणि मग तो गुन्हा ज्याच्या शेतात घडला त्या शेतकऱ्याला चौकशीला तोंड द्यावे लागते. नेमबाजाची गाडी तोवर घाट उतरलेली असते.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. हंगामात आपल्याकडे शेताशेतात माणसे जागलीला असतात, कोणी माळ्यावर, कोणी खोपीत, कोणी बांधावर घोंगडी पांघरून. कुणाच्या शेतात आज कोण आहे हे गावाला ठाऊक असते, पाहुण्याला नसते. रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. मागे मातीचा चढ नसेल तर सपाट काळ्या रानात गोळी झाडूच नये. बाराबोअरची गोळी त्या मानाने कमी पल्ल्याची. गावठाणाजवळ तीच बरी. कोकणातल्या शेतीसंरक्षण परवान्याच्या जुन्या बंदुका असलेल्यांना स्वतःची पायवाट आणि शेजाऱ्याचा माळा दोन्ही ठाऊक असतात. परवानगी देताना पहिला विचार त्यांचा व्हावा.

म्हणून काही ठोस सूचना. परवानगी गट नंबर आणि ठरावीक रात्री लिहून द्यावी, आणि त्या दिवशी संध्याकाळी गावात दवंडी किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना गेल्याशिवाय बंदूक बाहेर काढू नये. गावात परवानाधारक बंदूक नसेल तरच बाहेरचा नेमबाज बोलवावा. तो शुल्क भरणारा गिऱ्हाईक नसावा, मजुरी घेणारा कामगार असावा, आणि त्याच्याबरोबर त्या शिवारातला एक जाणकार माणूस प्रत्येक गोळीच्या वेळी हजर असावा. आपल्याकडे संस्थानी काळापासून हाका गावाने द्यायचा आणि मचाणावर पाहुण्याने बसायचे अशी विभागणी चालत आली. ती परवान्याच्या नावाखाली पुन्हा आणू नये. मारलेल्या प्रत्येक जनावराचे लिंग आणि अंदाजे वय नोंदवावे. वर्षाअखेर माद्यांचा वाटा निम्म्यापेक्षा कमी दिसला तर ती मोहीम संख्या कमी करत नाही असे समजून तिथले परवाने थांबवून पद्धत तपासावी. जखमी जनावर शेजारच्या शेतात गेले तर बंदूक बांधावर ठेवून, मालकाला हाक मारून, मगच आत जावे. हे वाक्य परवान्यावरच छापावे.

मेलेल्या जनावराची विल्हेवाट हा विषय आपल्याकडे सगळ्यात शेवटी येतो. अमेरिकेत हरणांचा मेंदू झिजवणारा एक असाध्य रोग पसरला आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये, आयोवाच्या रानटी हरणांत २०१३ मध्ये सापडला. अशा भागात मारलेल्या हरणाचा मेंदू आणि कणा बरीच राज्ये पाहुण्याला आपल्या हद्दीत आणू देत नाहीत. मांस बहुधा हाडांपासून सोडवूनच न्यावे लागते. मग सांगाडे रस्त्याकडेच्या नाल्यात टाकून पाहुणे निघून जातात आणि दुर्गंधी गावाला राहते. आपल्याकडे पंचनामा करून पुरण्याची पद्धत आहे, पण खड्डा कोणी खणायचा, जेसीबीचे पैसे कोणी द्यायचे आणि रात्री दोनला वनरक्षक किती वेळात येणार हे कुठेच लिहिलेले नसते. खड्डा पुरेसा खोल नसेल तर कुत्री आणि तरस दुसऱ्याच रात्री उकरतात. परवानगीच्या अर्जात हे तीन रकाने भरल्याशिवाय तो स्वीकारला जाऊ नये, एवढी सुधारणा वनखात्याला नव्या कायद्याविना आजही करता येईल.

आपले,
काही मराठी वाचक
आयोवा, अमेरिका